तंगडी वर केलेलं घर

“कुत्रं खांबाशी तंगडी वर करतं ना, तसं उभंय तुझं खोपटं,” ताउनोमामा म्हणाला. “फक्त मुतायचं राहिलंय.”

“खोपटं नाही, घर आहे ते.” इल्पोनं हातातली कुऱ्हाड खचकन ओंडक्यात रुतवली. “आणि तुला बोलावलं कोणी होतं इथं?”

“जमीन माझी आहे, भाच्या. मला कशाला आमंत्रण लागतंय?”

“जमीन तुझी. भिंती माझ्या.”

“तीन तुझ्या. चौथी कुणाचंच ऐकत नाही. दाखवू?”

मामा लाकडाच्या घोडीवर चढला आणि भिंतींवर एक फळी आडवी टाकली. एक टोक तळ्याकडच्या भिंतीवर, दुसरं मागच्या भिंतीवर. मग खिशातून बंदुकीचं काडतूस काढून फळीच्या मधोमध ठेवलं. काडतूस जरा थांबलं, विचार करत असल्यासारखं. मग मागच्या भिंतीकडे गडगडत सुटलं ते थेट खाली, शेवाळाच्या ढिगात.

“बघ. एल्कसारखं घोड्याएवढं हरीण मारायला ठेवलं होतं, तेही तुझ्या घरातनं पळालं.”

“फळी वाकडी आहे.”

“उलटी करून ठेवू?”

“काही गरज नाही!”

गरज नव्हतीच. इल्पोला हे आधीच कळलं होतं. डोळे त्याचे घारीसारखे, जंगलात कुठल्या झाडाची साल कालपेक्षा आज जास्त सोललीय तेही त्याला दिसायचं. तळ्याकडच्या दोन्ही कोपऱ्यांत ओंडक्यांमधून उजेड यायला लागलेला त्यानं कधीच पाहिला होता. रोज सकाळी तो त्या फटीत मूठभर शेवाळ कोंबायचा आणि रोज सकाळी फट आणखी मोठी झालेली असायची. पण दिसणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं. मान्य करायचं खातं त्याच्याकडं नव्हतं.

भानगड अशी होती. वसंतात इल्पोनं शाळा सोडली. म्हणजे एका तासाला उठला, दप्तर बाकावरच ठेवलं, बाहेर पडला तो पडलाच. त्याच्या आईला, हिल्क्काला, ओउलू शहरात नोकरी लागली होती. शरदात तिचं बिऱ्हाड तिकडं हलणार होतं. तिनं पोरासाठी तिकडची शाळाही बघून ठेवली. इल्पो म्हणाला, मी नाही येणार. मग राहणार कुठं? तर म्हणाला, कोर्पी तळ्याच्या काठी, मामाच्या जंगलात, स्वतः बांधून.

आई हसली नाही, रडली नाही, भावाकडं गेली. आणि ताउनोमामानं, ज्याचा चारचौघांत दहा शब्द बोलला तरी घसा दुखतो, त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं, “एल्कची शिकार सुरू होते त्या सकाळी वर छप्पर आणि आत पेटलेली शेगडी दिसली, तर मी हिल्क्काला सांगेन की राहू दे पोराला. नाही दिसली, तर ओउलूची बस धरायची, बाकावर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही.”

“चालेल,” इल्पो म्हणाला होता.

खिसा रिकामा, त्यामुळं सगळं फुकट जमवायचं. मेमधल्या वादळानं मामाच्या जंगलातले पाईन आडवे केले होते. मामा म्हणाला, साफ करून दे, तुला लागतील तेवढे घे. कोपऱ्यांखालचे दगड तळ्याकाठचे. फटीत भरायचं शेवाळ दलदलीतलं, पोती भरभरून. खिडकी गावच्या बंद पडलेल्या शाळेची. इमारत पाडणाऱ्यांनी ती बाहेर फेकली होती. लहानपणी चार वर्षं इल्पो त्याच खिडकीतून बाहेर बघत बसायचा, म्हणून मास्तरीणबाईंची बोलणी खायचा. आता म्हटलं, हक्कानं बघू.

आणि गावातल्या लेंपीकाकूचं जुनं गवताचं कोठार होतं. एका बाजूला कलंडलेलं, छप्पर गेलेलं. त्यातले बरेचसे ओंडके कुजलेले, पण नऊ एकदम खणखणीत होते. उन्हापावसानं धुऊन धुऊन चांदीसारखे राखाडी झालेले, ठोकले की घंटेसारखे वाजणारे. काकू म्हणाली, “घेऊन जा बाबा. माझ्या नवऱ्यानं आयुष्यात एकच काम पुरं केलं, ते हे कोठार. आता तेही तू पाड.”

ते नऊच्या नऊ इल्पोनं तळ्याकडच्या भिंतीला लावले. होडीतून येणाऱ्याला लांबूनच चमकताना दिसायला हवेत ना. बाकी तीन भिंती ताज्या पाईनच्या.

इथंच माशी शिंकली. ताजं लाकूड वाळतं, वाळलं की आक्रसतं, आणि भिंत हळूहळू खाली बसते. कोठाराचे ओंडके कधीचेच वाळून बसलेले, ते कशाला आणखी बसतील? तीन भिंती खाली चालल्या आणि चौथी होती तिथंच. वरचे ओंडके तिच्यावर अडकून लटकायला लागले आणि कोपरे उघडले.

“तुला माहीत होतं हे,” इल्पो म्हणाला. “जूनमध्येच माहीत होतं.”

“होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो की. तू रेडिओ मोठा केलास.”

 रेडिओ मोठा केलेला इल्पोला स्पष्ट आठवत होता.

मामानं शेवाळातून काडतूस शोधलं, फुंकर मारून खिशात टाकलं. “हिल्क्काला फोन करू का आत्ताच? बिऱ्हाडाच्या गाडीत तुझी खाट बसते का ते बघेल ती.”

“शिकार सुरू झाली का?”

“नाही.”

“मग कशाला आलास? जा ना!”

मामा गेला. त्याच्या ट्रॅक्टरचा आवाज लांब जाईपर्यंत इल्पो तसाच उभा राहिला. मग त्यानं बादलीला एक सणसणीत लाथ हाणली. बादली तळ्यात गेली. बादली एकच होती, म्हणून मग पँट गुडघ्यापर्यंत वर करून तीच शोधत पाण्यात शिरला. पाणी थंडगार. शरद पायांनाच आधी कळतो.

बादली काढून तो काठावर बसला आणि घराकडं बघत राहिला. चांदीची भिंत मस्त चमकत होती, हरामखोर.

खिशात काड्यापेटी होती. त्यानं काड्या काढल्या आणि दगडावर रचायला लागला. चार बाजू, एकावर एक. ज्या काड्यांचं गूल जळालेलं होतं त्या चांदीच्या, बाकीच्या ताज्या. सगळ्या जळक्या एका बाजूला ठेवल्या तर काय होतं ते समोर दिसतच होतं. मग त्या उचलून त्यानं पत्ते वाटतात तशा वाटल्या. तुला एक, तुला एक, तुला एक, तुला एक. पुन्हा एकदा. तळाचे दोन थर चारही बाजूंना जळके, त्याच्यावर सगळे ताजे. आता बसतील तर चारही भिंती सारख्याच बसतील. त्याचं घर चौरस होतं, सगळे ओंडके एकाच लांबीचे. जमण्यासारखं होतं.

हातात एक काडी उरली. नववा ओंडका. त्याचं बघू नंतर.

फक्त त्यासाठी घर पार तळापर्यंत उतरवायला लागणार होतं. आणि नुसतं उतरवून पुन्हा रचलं असं होत नाही. प्रत्येक ओंडका खालच्या ओंडक्याच्या अंगाबरहुकूम कोरलेला असतो. खालचा बदलला की वरच्यावर पुन्हा आखायचं, पुन्हा कोरायचं, कोपऱ्याच्या खाचा पुन्हा बसवायच्या. उन्हाळाभर एकट्यानं दोरखंड आणि लाकडी घसरगुंडी वापरून ओंडके वर चढवले होते. आता एकट्यानं जमणार नव्हतं, एल्कची शिकार तोंडावर आली होती. शिकार सुरू झाली की गावात एक पुरुष सापडत नाही, बायकाही निम्म्या जंगलातच.

म्हणजे माणसं लागणार. आणि माणूस होता एकच, यौको. आणि यौकोशी तो जुलैपासून बोलत नव्हता.

यौको त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. जुलैत तो घर बघायला आला आणि म्हणाला, “हे कोपरे तू कोरलेस का उंदरांनी?” इल्पोनं त्याचा हातोडा तळ्यात भिरकावला. हातोडा यौकोच्या बापाचा, सुलोचा होता. आणि जिथं पडला तिथं तळाला दोन माणसं बुडतील एवढा चिखल.

दुसऱ्या दिवशी इल्पो यौकोच्या अंगणात गेला. यौको होडीचं इंजिन उघडून बसला होता. त्यानं वर बघितलं, पुन्हा खाली बघितलं. इल्पो शेजारच्या ठोकळ्यावर बसला.

“प्लग गेलाय?” बऱ्याच वेळानं इल्पो म्हणाला.

“नाही.”

“मग?”

“पाणी शिरलंय.”

“हं.”

एक बदक ओरडलं. यौकोनं पाना बदलला.

“मासे मिळतायत का?”

“बारके.”

“हं.”

असं कोणाच्या दारात जाऊन ‘मला मदत करा’ म्हणायची आमच्याकडं पद्धतच नाही. म्हटलं तर समोरच्यालाच लाज वाटते. इल्पोनं घसा खाकरला. दोनदा उठला, दोनदा बसला. शेवटी इंजिनाकडं बघतच म्हणाला,

“शनिवारी कॉफी असेल. तळ्यावर.”

यौकोचा हात थांबला. “कोणती कॉफी? मागच्या वेळेसारखी असेल तर मी घरून आणतो.”

“लेंपीकाकू करणारे.”

“काकूला माहितीय?”

“अजून नाही.”

यौको हसला नाही, पण त्याचं नाक हललं. “माझा बाप हातोड्याचं विचारेल.”

“विचारू दे.”

“काय सांगशील?”

“सांगेन, तळ्यात आहे. पाहिजे तर काढून देतो, हिवाळ्यात बर्फ फोडून.”

“तंगडी कोणत्या बाजूची वर आहे म्हणे?” यौकोनं विचारलं.

इल्पोच्या कपाळावरची शीर टरारली. म्हणजे मामानं गावभर सांगितलं होतं. हात आपोआप पान्याकडं गेला. पान्यापलीकडं तळं होतंच. त्यानं हात मागं घेऊन मांडीखाली दाबला.

“तळ्याकडची,” तो म्हणाला.

शनिवारी इरजिक झालं, सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं ते. म्हणजे इल्पो धरून चारच जण, पण कॉफी आणि माशाचा पाव होता म्हटल्यावर इरजिकच ते. यौको आला, त्याचा बाप सुलो आला, लेंपीकाकू पातेलं घेऊन सायकलवर आली. सुलोनं पहिल्यांदा घराभोवती एक चक्कर मारली.

“भिंत छान आहे,” तो म्हणाला. “एकच असती तर.”

 इल्पो खडूनं ओंडक्यांवर खुणा करत राहिला.

दुपारपर्यंत घर नव्हतंच. जमिनीवर ओंडक्यांच्या रांगा, चार दगड आणि मधे शाळेची खिडकी झाडाला टेकून ठेवलेली.  तीन महिने जे उभं केलं ते चार तासांत आडवं. लेंपीकाकूनं त्याच्या हातात कप दिला आणि म्हणाली, “तोंड काय असं करतोस? माझं कोठार पाडलंस तेव्हा बरा शिट्ट्या वाजवत होतास.”

मग चांदीचे पहिले चार ओंडके दगडांवर बसले. इल्पोनं सुलोचं आखणं घेतलं, दोन टोकांचं लोखंडी. एक टोक खालच्या ओंडक्यावरून फिरवलं की दुसरं वरच्या ओंडक्यावर तशीच रेघ ओढतं, खालच्याला जिथं फुगा तिथं वरच्याला खड्डा. उन्हाळ्यात इल्पो हे काम रागारागानं करायचा, रेघ जिथं जाईल तिथं जाऊ दे, वरून शेवाळ कोंबू. आता हात आपोआप सावकाश चालत होता. रेघ हलली की तो पुसायचा आणि परत ओढायचा. यौको दुसऱ्या टोकाला.

“तुझ्याकडनं वर आहे.”

“नाही.”

“आहे रे. बोट घालून बघ.”

इल्पोनं बोट घातलं. बोट गेलं. “उतरव,” तो म्हणाला.

“मी एवढ्यावर चालवून घेतलं असतं.”

“उतरव म्हणतो ना!”

त्यानंतर यौको रोज यायला लागला. न सांगता यायचा, आल्यावर पहिलं कॉफीला नावं ठेवायचा. बर्चची झाडं पिवळी पडली. सकाळी पोत्यातलं शेवाळ गोठून दगड झालेलं असायचं. इल्पो ते काखेत धरून वितळवायचा आणि मग ओंडक्यावर पसरायचा. हात फुटले. भिंती गुडघ्याला आल्या, कमरेला आल्या, डोक्याच्या वर गेल्या. खिडकीच्या आणि दाराच्या वर त्यानं हात जाईल एवढी जागा मोकळी सोडली, नुसतं शेवाळ भरलं, म्हणजे भिंती बसल्या तरी काच दाबली जाणार नाही. रोज सकाळी तो चारही कोपऱ्यांत डोळा लावून बघायचा. उजेड नाही. पुन्हा बघायचा. नाहीच.

ताउनोमामा एकदाही आला नाही. पण रस्त्यावर त्याचा ट्रॅक्टर हळू व्हायचा, ते इल्पोला ऐकू यायचं.

छपराच्या वेळी घात झाला. पत्रे सुलोच्या जुन्या डुकरांच्या गोठ्याचे मिळणार होते. सुलो म्हणाला होता, भरपूर आहेत. भरपूर म्हणजे तळ्याकडची बाजू झाकली तेवढेच. जंगलाकडची बाजू उघडी. शिकारीच्या आदल्या दिवशी यौकोनं आपल्या होडीवरची निळी ताडपत्री आणून टाकली, वरून फळ्या ठोकल्या.

“हे छप्पर नाही,” इल्पो म्हणाला.

“पाऊस नाव विचारून पडणारे का?”

“पाऊस नाही. मामा.”

सकाळी इल्पोनं लेंपीकाकूनं दिलेली जुनी लोखंडी शेगडी पेटवली. तिचं दार तारेनं बांधलेलं. आधी सगळा धूर आत आला, मग नळकांडं तापलं आणि धुरानं आपली वाट धरली. ताउनोमामा नारिंगी टोपी घालून, बंदूक खांद्याला लावून आला. चारही कोपरे बघितले. खाली वाकून तळाचे ओंडके बघितले, त्यांच्यावर एकदा हात फिरवला. मग घराच्या मागं गेला.

“हे काय?”

“छप्पर.”

“पुढचं छप्पर आहे. हे होडीचं पांघरूण आहे.”

इल्पोच्या कानशिलांत रक्त चढलं. मामा पाय फाकवून उभा राहिला, आता येईल ते झेलायला.

“हो,” इल्पो म्हणाला. “अर्धंच आहे.”

मामा थांबला. भांडणाची तयारी करून आला होता, आता ती कुठं ठेवायची ते त्याला कळेना. “मग हिल्क्काला काय सांगू?”

“दिसतंय ते सांग.”

मामा गेला. शिकारी जंगलात पांगले. इल्पोनं पिशवी भरली नाही. तो बाहेर ठोकळ्याशी उभा राहून लाकडं फोडत राहिला, वेड्यासारखी, जणू अख्ख्या हिवाळ्याची आजच लागणार आहेत. हात थांबला असता तर बस दिसली असती डोळ्यासमोर.

दुपारी पाऊस आणि बर्फ एकत्र पडायला लागलं. पंधरा पावलांवरचं झाड दिसेना. शिकारी चिंब झाले आणि जंगलाच्या त्या अंगाला धूर निघणारी जागा एकच होती. आधी यौको आला. मग दोघं-तिघं गावचे. कोणी काही विचारलं नाही, बूट झटकले, शेगडीभोवती हातमोजे टांगले. नववा चांदीचा ओंडका इल्पोनं भिंतीशी बाक म्हणून ठेवला होता, त्यावर सगळे दाटीवाटीनं बसले. अंगातून वाफा निघायला लागल्या. शेवटी ताउनोमामा आला. बसायला जागा नव्हती. यौकोनं सरकून केली. मामानं हातमोजे तारेवर टांगले, मग बूट काढले आणि मोजेही टांगले.

सुलो दारातच उभा राहून बाहेर कोणाशी तरी बोलत होता, एल्क कुठून निसटलं ते.

“ए सुलो, दार लाव की!” मामा ओरडला. “ऊब चाललीय सगळी.”

सगळ्यांच्या माना मामाकडं वळल्या. 

“कुठली ऊब, ताउनोकाका?” यौको म्हणाला. “होडीच्या पांघरुणाखालची?”

कोणीतरी फिसकन हसलं. मामानं कपात बघितलं, एक घोट घेतला, आणखी एक घेतला. “कॉफी घाण आहे,” तो म्हणाला.

तेवढ्यात इल्पोचा फोन वाजला. आई. “झालं का बघून? काय म्हणतो तो?”

 इल्पोनं फोन मामापुढं धरला. मामानं तो असा घेतला जसा गरम कढईचा कान.

“हां हिल्क्का. हो, इथंच. नाही, पुरं नाही. अर्धं आहे. अगं, गळत नाहीये पण. काय? मला काय विचारतेस, माझे मोजे वाळतायत इथं. राहू दे त्याला. पत्रे मी बघतो. ठेव, नाही, हा घे.”

फोन इल्पोकडं परत आला. त्यानं तो कानाला लावला.

“इल्पो? राहा मग,” आई म्हणाली. तिचा आवाज ओला होता, पण ती आईच, लगेच सावरली. “जेवतोस का नीट? अंगात लोकरीचं आहे का? आणि शाळेचं काय? ओउलूची नाही तर नाही, पण काहीतरी शिकायला नको का? ऐकतोयस ना?”

बर्फ थांबलं होतं. माणसं उठत होती, ओले मोजे परत चढवत होती. यौको बाहेर गेला आणि शाळेच्या खिडकीवर त्यानं टकटक केलं, हातात एक जादा नारिंगी टोपी. “हाकाऱ्यांत एक माणूस कमी आहे!” काचेतून आवाज आला. “येतोस का बाकावर बसून राहणारेस?”

“इल्पो, शाळेचं विचारतेय मी.”

“ऐकतोय, आई,” इल्पो म्हणाला, एका हातानं बूट ओढत. “पण सगळे थांबलेत. मला आता निघायला हवं.”